शाळेचे सावकार

२५ ऑगस्ट २००५, गुरुवार

घातलीस का तारीख? घातली. तारखेशिवाय हिचं पेनच चालत नाही!

मी सांगते आणि माझी नात शेफाली लिहिते. मला अक्षर एक येत नाही, पण बोलण्यात बायडाबाई कुणाला हार जाणार नाही. — हे लिहू नको म्हटलं, तर नेमकं तेवढंच लिहिलं हिनं. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. लिही बाई. माझी जीभ म्हातारपणी तरी शुद्ध होऊ दे.

डायरी बिल्डरची. ओढ्याकाठचं माझ्या नावचं रान त्यानं घेतलं, पैसे बँकेत भरले आणि वर ही डायरी दिली. पुठ्ठ्यावर उंच इमारत, खाली निळं पाणी, पाण्यात एक बाई पोहते आहे. आमच्या ज्वारीला एवढं पाणी असतं तर विकली कशाला असती!

हे सगळं सांगायचं कारण — पोटात ठेवलं की मला झोप येत नाही. घरात सांगावं तर सगळे टीव्हीकडे तोंड करून 'हं' म्हणतात. कागद बरा. 'हं' म्हणत नाही.

तर आजचं. शेफाली आणि पृथ्वीराज जुळे. माझ्या सर्जेरावाची मुलं. एका पोटातून आली, एका पाळण्यात झोपली, दोघंही सातवीत. पण पृथ्वी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातो आणि ही पायी, महापालिकेच्या शाळेत. का? तर म्हणे दोघांची फी परवडत नाही. दारात नवी कोरी जीप उभी आहे, तिला परवडतं!

आपली शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर दोन बस बदलून स्वारगेटच्या पलीकडे. आज सर्जेरावला विचारलं, "पोरीच्या आठवीचं काय?"

म्हणाला, "बघू की."

या 'बघू'ला मी ओळखते. सून हिरा भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला. तीही सातवीच. तिच्या बापानंही असंच 'बघू' म्हटलं होतं, तो अजून बघतोच आहे.

२७ ऑगस्ट

शेफाली म्हणते, घरातलं असं लिहायचं नसतं. मग काय ऑफिसातलं लिहू?

१२ सप्टेंबर, सोमवार

शाळेचे हेडमास्तर बुद्धभूषण सर आले होते. वस्तीतलेच. याच शाळेत शिकले, इथेच मास्तर झाले, आणि त्यांची मुलगीही इथेच शिकते. बोलणं मोजकं, कपड्याला इस्त्री. मी त्यांना लहानपणी बोरं चोरताना पकडलं होतं, त्यामुळे माझ्यापुढे जरा जपून बसतात.

म्हणाले, "आजी, आठवीची मंजुरी मिळू शकते. पण वर्गखोल्या पाहिजेत. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह."

मी म्हटलं, "आत्ता नाही?"

"जे आहे त्याला दार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पोरगी रोज मधल्या सुट्टीत धापा टाकत घरी यायची. मला वाटायचं, आजीशिवाय करमत नाही! मी आपली गावभर सांगत होते, नातीचा भारी जीव माझ्यावर. — हसू नकोस, लिही.

सर म्हणाले, महापालिका शाळांसाठी रोखे काढणार आहे. लोकांनी पालिकेला पैसे उसने द्यायचे, पालिका त्यातून शाळा बांधणार, दर सहा महिन्यांनी व्याज देणार आणि दहा वर्षांनी मुद्दल. ज्या भागातले लोक आपल्या हिश्शाचे रोखे घेतील तिथली शाळा आधी.

गावात पैसा आहे का, तर आहे. रानं गेली आणि पैसे आले. त्या पैशाच्या जीपा झाल्या, बंगल्यांवर सिमेंटचे गरुड बसले. आता पैसा काय करावं ते न सुचून नुसता बसला आहे, आणि त्याच्याशेजारी माणसं बसली आहेत.

९ ऑक्टोबर, रविवार

काय सभा झाली! अगं, हळू सांगते, लिही.

मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या घातल्या होत्या. शहरातून अनिरुद्ध साहेब आले, रोख्यांचं समजावायला. नारायण पेठेतले. अंगानं काटकुळे, पण जीभ पुष्ट.

आमचे हिंमतराव भावजी पुढे बसलेले. माझ्या मालकांचे चुलतभाऊ. गावात पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून त्यांचं आणि आमच्या घराचं माझ्या लग्नाआधीपासून वाकडं आहे. ते म्हणाले, "सायेब, वर्गणी किती ते सांगा. लांबड नको."

साहेब म्हणाले, "आजोबा, ही वर्गणी नाही. वर्गणी परत मिळत नाही, हे पैसे परत मिळतात. दान करायचं असेल तर मागे देऊळ आहे, पेटी उघडीच आहे."

"परत मिळत्यात?"

"व्याजासकट."

सतरंजी पुढे सरकली.

"म्हंजी आमी देनार आन् म्हापालिका फेडनार?"

"हो."

"म्हापालिका आमचं देनं लागनार?"

"लागणार."

"आन् न्हाई दिलं तर?"

"मिळेल, आजोबा."

"आवो पन न्हाईच दिलं तर?"

साहेबांनी चष्मा पुसला. "तर माझ्या घरी या. पत्ता देतो. चहा मिळेलच असं सांगत नाही, पण ऐकून घेईन."

भावजींनी मागे वळून सगळ्या गावाकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. जन्मभर पीककर्जासाठी सोसायटीच्या सचिवापुढे टोपी काढून उभा राहिलेला माणूस! म्हणाले, "गड्यांनो, आपन सावकार झालो. म्हापालिका आपलं कूळ!"

साहेब म्हणत होते, "तसं नाही हो, शाळा काही गहाण वगैरे—" पण ऐकतंय कोण. लोक उठून एकमेकांना टाळी देत होते.

ज्याला सावकार व्हायचंय त्याला होऊ द्यावं.

२० ऑक्टोबर

टाळ्या झाल्या, रोखा एकानंही घेतला नाही.

कारण सांगते. इथं रीत अशी आहे की जत्रेची यादी सुरू झाली की पहिला आकडा कुणी घालत नाही. घातला की दुसरा त्याच्याहून थोडा जास्त घालतो आणि पहिल्याचं नाक कापतो. म्हणून सर्जेराव हिंमतरावांची वाट पाहतो, हिंमतराव सर्जेरावाची. दोघं बँकेपुढच्या टपरीवर समोरासमोर चहा पितात आणि घरी येतात. रोज!

मुदत दिवाळीपर्यंतची.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आज मी गेले बँकेत. शेफालीची चाचणी होती, म्हणून हिराला घेऊन गेले. जाताना टपरीवर दोघेही बसलेले. मी भावजींना पाहून पदर सारखा केला आणि जरा मोठ्यानेच हिराला म्हटलं, "चल बाई. गडीमाणसांचा चहा व्हायचाय अजून. तोवर आपण घेऊन टाकू."

आतल्या मुलीनं विचारलं, "आजी, सही करता?"

म्हटलं, "सही कुणीही गिरवील गं. अंगठा माझाच लागतो."

या अंगठ्यानं माहेरची वाटणी भावांना सोडली, मालक गेल्यावर घर मुलाच्या नावे केलं, रान बिल्डरला दिलं. दर वेळी शाई पुसताना हात हलका झालेला असायचा. आज पहिल्यांदा अंगठा देऊन काहीतरी हातात आलं. कागद देखणा आहे. घरी आल्यावर शेफालीनं वाचून दाखवला, बाकी काही कळलं नाही, पण 'धारक' म्हणजे मी, हे ऐकून बरं वाटलं.

बँकेतून बाहेर आले तर टपरीवर चहा तसाच, साय धरलेला. दोघेही नव्हते.

हिरा म्हणाली, "आत्याबाई, ते दोघं मागच्या दारानं आत शिरले बघा. एकमेकांना ढकलत."

बाईच्या मागे राहायचं? शोभतं का!

२९ ऑक्टोबर

गावाचा हिस्सा भरला. माझ्याहून प्रत्येकाचा आकडा जास्त आहे. मी सगळ्यांत लहान सावकार. चालेल!

वस्तीतल्या घरांनी मिळून एक रोखा घेतला, बुद्धभूषण सरांच्या नावावर. भावजी म्हणाले, "आता सावकारीत समदेच सारके झालो की!" सर म्हणाले, "सावकारीत तरी झालो, हिंमतराव." भावजी मिशीवरून हात फिरवायचंही विसरले.

१५ डिसेंबर, गुरुवार

पाया खणला. पृथ्वी बसमधून उतरतो तो दप्तरासकट तिकडेच पळतो. त्याच्या इंग्रजी शाळेत मैदान गच्चीवर आहे, चारी बाजूंनी जाळी. पोपटासारखी पोरं. आपल्या शाळेचं मैदान मोठं, फक्त त्यात खड्डे होते. आता ते भरताहेत.

१७ जानेवारी २००६, मंगळवार

ही डायरी नवीन. त्याच बिल्डरची. इमारत आणखी उंच झाली आहे, बाई अजून पोहतेच आहे.

सावकारांनी कंत्राटदाराला जेरीस आणलंय. भावजी रोज सकाळी काठी घेऊन जातात आणि एकेक वीट वाजवून बघतात. कुंभाराकडे माठ घ्यायला गेल्यासारखे! वाजली नाही की बाजूला. कंत्राटदार सरांना म्हणाला, "हे कोण? इंजिनिअर का?"

सर म्हणाले, "नाही. सावकार."

सर्जेराव वाळू मुठीत घेऊन फुंकतो. माती निघाली तर ट्रक परत. एका माणसानं तर सिमेंटच्या गोणीवर बसकणच मारली, म्हणे माझं व्याज याच्यात आहे.

अनिरुद्ध साहेब पाहणीला आले. सगळं बघितलं आणि मला म्हणाले, "आजी, एवढी देखरेख आमच्या खात्यालाही झेपत नाही. यांना खरंच वाटतंय का, शाळा गहाण आहे?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगितलंत ना, नाही म्हणून?"

"सांगितलं."

"मग तुमचं काम झालं. चहा घेणार? आमच्याकडे मिळेलच असं सांगते."

हसले. पहिल्यांदाच. पेठेत बंदी नसावी हसण्यावर.

२ मार्च, गुरुवार

आज एक पाहिलं, ते नीट लिही.

स्लॅब पडला. त्यावर पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर सिमेंट तडकतं. कंत्राटदाराचा माणूस एकदा मारून निघून गेला. संध्याकाळी मी शेफालीला घेऊन गेले तर वर सगळे सावकार! धोतर खोचलेलं, हातात पाइप. स्लॅबवर वाफे केलेत — खरंच, मातीचे बांध घालून वाफे — आणि एक भरला की पाणी दुसऱ्यात सोडतात. भावजी बांध फोडत होते, सर्जेराव पाइप धरून होता. "आरं, त्या कोपऱ्याला पानी चढंना, वडून घे, वडून घे!" या दोघांना एका कामावर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

रानं गेल्यापासून या माणसांनी कशालाच पाणी दिलं नव्हतं.

शेफाली म्हणाली, "आजी, रडतेस का?" म्हटलं, वाफ लागली स्लॅबची. हेही लिहिलंस? बरं.

३० मार्च, पाडवा

शाळेच्या नव्या भिंतीवर गुढी उभारली. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार लागलं. कडी आतून आहे. मी आत जाऊन लावून पाहिली. दोनदा.

२१ एप्रिल, शुक्रवार

वाईट बातमी. सर आले, पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत.

खोल्या झाल्या, कडी झाली. पण आठवी चालू करायला मुलं पुरेशी हवीत. सातवीतून वर येणारी थोडी, त्यातली काही मजूर आईबापांबरोबर दुसऱ्या बांधकामावर जाणार. पट भरला नाही तर आठवी नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत भरायचा.

मी म्हटलं, "गावात पोरांचा काय दुष्काळ आहे?"

सर म्हणाले, "आजी, सकाळी देवळापाशी उभ्या राहा."

२२ एप्रिल

राहिले उभी. पिवळ्या बस, एकीमागे एक. भावजींचा नातू टाय लावून चढला. आमचा पृथ्वी चढला. ज्यांनी विटा वाजवल्या, ज्यांनी वाळू फुंकली, ज्यांनी वाफे भरले, त्या सगळ्यांची नातवंडं चढली.

सावकार सगळे, गिऱ्हाईक एक नाही! स्वतःच्या हातानं मिठाईचं दुकान सजवायचं आणि पोरांना दुसऱ्याच्या दुकानात न्यायचं.

सर्जेरावला म्हटलं, "आठवी झाली नाही तर शेफालीचं काय?"

"बघू की."

२ मे, मंगळवार

भावजी ओट्यावर बसले होते. मी पदर घेतला, खांबाआड उभी राहिले आणि खांबाला सांगितलं, "नव्या खोल्यांत पोरं न्हाईत म्हणं. रिकामी खोली म्हंजी उंदरांचं माहेर. आन् कूळच बसलं तर फेडनार कोन!"

खांब काही बोलला नाही. भावजी मात्र उठून उभे राहिले. "वैनी, म्हंजी आपलं गहान बुडनार?"

"मला अडानी बाईला काय कळतंय."

आता कागदा, तुला म्हणून सांगते. अनिरुद्ध साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं की पट भरो न भरो, पैसे परत मिळणारच. पण भावजींनी मला ते विचारलं नाही. न विचारलेलं सांगणं हा आगाऊपणा, आणि मी कुळवंत घरची सून आहे.

५ मे

भावजींनी सातवी झालेल्या नातवाला कानाला धरून सरांपुढे उभं केलं. "ह्याचं नाव लिवा. आमचं व्याज हाय हितं."

नातवानं मैदान पाहिलं आणि कान सोडवून घेतला. परत आलाच नाही. अंधार पडल्यावर खेळून आला.

२८ मे, रविवार

महिनाभर हेच चाललंय. एक सावकार गेला की दुसरा जातो, कारण पहिला गेला! पोरं रडत जातात आणि मातीनं माखून हसत येतात. एका सुनेनं नवऱ्याशी अबोला धरला, इंग्रजी बुडेल म्हणून. सरांनी तिला घरी जाऊन सांगितलं, इंग्रजी मी शिकवतो, पहिल्या परीक्षेला आवडलं नाही तर घेऊन जा. ती म्हणाली, लिहून द्या. सरांनी दिलं. इंग्रजीत!

यादीत पहिलं नाव सरांच्या मुलीचं आणि दुसरं शेफालीचं.

१२ जून, सोमवार

एक पोर कमी आहे. फक्त एक.

संध्याकाळी देवळापुढे भावजींनी सर्जेरावला गाठलं, भर चौकात. "माजा नातू म्या आनला. तुजा कुटं हाय? आपल्या गहानाला दुसऱ्याची पोरं, आन् तुजं पिवळ्या बशीत?"

सर्जेराव घरी आला, जेवायला बसला आणि भाकरी कुस्करत राहिला. पृथ्वी बापाकडे बघेना. शेफाली दोघांकडे बघेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिरा बोलली. ही बाई वर्षाला चार वाक्यं बोलते, त्यातलं एक आज खर्च केलं.

"म्या सातवीत ऱ्हायले. माजी पोरगी न्हाई ऱ्हायची."

आणि भाताचं पातेलं सर्जेरावापुढे असं ठेवलं की मांडणीतल्या वाट्या वाजल्या.

सर्जेराव या वेळी 'बघू' म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. मीही नाही. माझ्या आयुष्यात असं फारसं झालेलं नाही, म्हणून लिहून ठेव.

१५ जून, गुरुवार

अक्षर बघून भिऊ नगंस रं कागदा, म्या तीच हाय. लिवनारा नवा हाय. शेफालीला येळ न्हाई, ती आठवीची मॉनिटर झाली आन् वह्यांना कव्हरं घालत बसलीया. ह्यो इंग्रजीतनं आलाय, मराठीत रांगतोय. म्या 'हाय' म्हनलं की ह्यो बी 'हाय'च लिवतोय. लई गुनाचा!

सकाळी दोगं जोडीनं पायी गेली. मागनं पिवळी बस आली, दारात हॉर्न वाजवला. हिरानं भाईर जाऊन हात हलवला — जा म्हनून.